भार कोण वाहतो?

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि हजेरीपटापलीकडे फारसे कसलेच ज्ञान नसलेल्या माणसाने जीपच्या पोटाखालील भागाविषयी लिहावे, हे या सदराच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेले दोन महिने आमचे चित्त तेथेच अडकले होते. आणि त्यात आमची एक चूकही घडली आहे.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या बाजूस असलेल्या रानातल्या वाड्यांवरून काही मुले आमच्या शाळेत येतात, ती एका जुन्या फोर-व्हील जीपमधून. जीपचा मालक आमचाच जुना विद्यार्थी. पावसाळा सरला की त्या तांबड्या वाटेवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उठतात, आणि त्यांवरून जाताना जीपचे मागचे अंग असे नाचू लागते की मागच्या बाकावरील मुलांची डोकी वरच्या नळीवर आपटतात. गेल्या दिवाळीनंतर तो आम्हांस म्हणाला, "गुरुजी, मागं प्रत्येक चाकाला दोन-दोन शॉक बसवतो. मग आणखी चार पोरं आरामात बसतील."

ही चार मुले शेवटच्या वाडीवरची. ओढा ओलांडून पायी येणारी. आम्हांस मोह पडला. आम्ही कसलीही चौकशी न करता पालकांकडून वर्गणी जमवली. चूक ती हीच.

बेळगावच्या मिस्त्रीने आमचा हेतू ऐकला आणि उत्तर न देता एक जुन्या धाटणीचा, नुसत्या तेलाचा शॉकॲब्सॉर्बर बाकावर उभा धरला. तळव्याने सावकाश दाबला, तो मुकाट्याने खाली गेला. ओढून पुन्हा उभा केला आणि झटक्याने दाबला, तेव्हा मात्र त्याने हात अडवला. "सर, हा वजन उचलत नाही. वजन पाट्यांवर. हा फक्त घाईला आडवा येतो," तो म्हणाला. इतकी नेमकी व्याख्या आम्हांस पाठ्यपुस्तकात आढळली नाही.

'धक्काशोषक' हा आपला प्रतिशब्दच मुळी दिशाभूल करणारा आहे. दगडावर चढलेल्या चाकाचा धक्का पोटात घेतात ते पोलादी पाटे. पण पाट्यांचा स्वभाव असा की घेतलेले बळ ते ठेवून घेत नाहीत, लगेच परत करतात. आणि एका धक्क्याच्या चार उड्या होतात. त्या उड्या मोडण्याचे काम शॉकचे. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. तेल त्या छिद्रांतून बळेच जाताना उडीचे बळ उष्णतेत रूपांतरित होते. इंग्लंडात या वस्तूला डँपर म्हणतात, ते अधिक सार्थ. आपल्याकडील 'अवमंदक' हा शास्त्रीय शब्दही कानाला कठोर असला तरी खरा आहे.

मग दोन शॉकांचा लाभ काय? वळ्यांच्या वाटेवर दट्ट्याला क्षणाचीही उसंत नसते. तेल तापून पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस येतो, आणि फेस काही अडवू शकत नाही. दोन नळ्या असल्या की ताप वाटला जातो आणि वाऱ्याला लागणारा पृष्ठभागही वाढतो. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 1967 साली सुरू झालेल्या मोटारशर्यतीत पुढे एकेका चाकास अनेक शॉक लावू लागले, ते याच कारणाने. म्हणजे दुसरा शॉक मुलांच्या डोक्यांसाठी खरोखर हवा होता. चार जादा मुलांसाठी मात्र त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. उलट नाच थांबल्यामुळे पाट्यांवर पडलेला जास्तीचा भार कोणाच्या ध्यानातही आला नसता.

बसवण्याची कथाही सरळ नाही. जुन्यासारखाच कडक दुसरा शॉक जोडला तर अडसर दुप्पट होतो. रिकाम्या जीपचे चाक खड्ड्यातून खाली उतरायच्या आत पुढची वळी येते आणि गाडी दगडासारखी आदळत जाते. म्हणून दोन्ही मऊ घेतले. जुन्याची जागा ॲक्सलच्या मागे होती, नवा पुढे बसवला. तो फार तिरका ठेवून चालत नाही. उभ्या रेषेपासून 45 अंश कलला तर त्याचा परिणाम निम्माच उरतो. खालचा ब्रॅकेट मिस्त्रीने ॲक्सलच्या नळीवर वेल्ड केला नाही, कारण उष्णतेने नळी वाकते. यू-बोल्टखाली जाड पट्टी घालून तिला तो जोडला. वर चासीला एक आडवी नळी टाकली.

चासी उचलून चाके लोंबती ठेवून त्याने मापे घेतली. चाक पूर्ण वर गेल्यावरचे माप मात्र घ्यायचे राहिले. मोठ्या दगडावर एक चाक चढवून पाहिले, तो रबरी ठोकळ्याला ॲक्सल टेकण्याआधीच नवा शॉक मिटून टेकला! अर्ध्या इंचाचा प्रश्न होता. तशीच जीप पाठवली असती तर रानात कुठेतरी ब्रॅकेट उखडून शेजारचा ब्रेकचा रबरी पाइप तुटला असता. मिस्त्री बराच वेळ बोलला नाही. वरची आडवी नळी त्याने कापून दीड इंच वर घेतली, ब्रेकचा पाइप आतल्या अंगाने वळवला आणि दोन्ही चाके पुन्हा दगडावर चढवून आम्हांस स्वतः खाली वाकून पाहावयास लावले. पन्नाशी उलटलेल्या आमच्या कमरेने तो दिवस अद्याप विसरलेला नाही.

आता नाच थांबला आहे. परंतु वर्गणी आम्ही ज्या आश्वासनावर मागितली होती, ते आश्वासन पाळता येत नव्हते. पालकसभेत ते उभे राहून सांगावे लागले. एका आजीबाईंनी विचारले, "मग आमची पोरं चालतच येणार व्हय, गुरुजी?" तेव्हा जीपमालकच उठला आणि डिझेलचा अर्धा खर्च मिळाल्यास दुसरी फेरी करतो म्हणाला. तो अर्धा खर्च आमच्याकडे लागला, हे न्याय्यच झाले. ही चौघे प्रार्थनेपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून सध्या आमच्या शाळेत हजेरी प्रार्थनेनंतर घेतली जाते.