भूमिका कोणाची? : नटबदल आणि मालिका

नट बदलल्यावर भूमिका उरते काय, हा प्रश्न मराठी नाट्यसमीक्षेला नवा नाही. ‘नटसम्राट’मधील (१९७०) गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट यांनीही समर्थपणे उभे केले. त्यासाठी कथानकात कोणतेही कारण द्यावे लागले नाही. दूरचित्रवाणी मालिकेत मात्र एकच चेहरा दीर्घकाळ घरात येतो व भूमिकेशी एकरूप होतो. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, तेव्हा ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेने नायकाच्या कायापालटाची युक्ती कथेतच योजली.

ऐतिहासिक मालिकेला ही सवलत नाही. खालापूर तालुक्यातील, परंतु कर्जतच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एन. डी. स्टुडिओत चित्रित झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ने (२००८) डॉ. अमोल कोल्हे यांचा चेहरा शिवरायांशी जोडला. पुढे ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त (२०१७) कोल्हे संभाजीराजे झाले आणि शिवराय शंतनू मोघे यांनी साकारले. ही मालिका २०२० पर्यंत चालली. भूमिकेचा आधार भक्कम असेल, तर प्रेक्षक नवा चेहरा स्वीकारतो, असेच यावरून म्हणावे लागेल.

‘पात्र’ हा शब्द मराठीत नदीलाही लागतो. कर्जतच्या उल्हासचे वा खालापूरच्या पाताळगंगेचे पाणी वाहून जाते; पात्र राहते. म्हणून समीक्षेने नव्या नटाला जुन्या नटाच्या स्मृतीशी नव्हे, लिहिलेल्या भूमिकेशी ताडून पाहावे. दुबळे लेखन पहिल्या नटाबरोबरच संपते; त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय.