भुकेस सुटी नाहीं

मुलाच्या पोटाचा शाळेच्या वेळापत्रकाशीं कांहीं संबंध असतो काय? सन २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कर्त्यांस तो असावा असें वाटलें. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांस रोज एक वेळचें मोफत भोजन देण्याचें वचन देतांना, ‘शाळेच्या सुटीचे दिवस वगळून’ अशी पाचर त्यांनीं त्यांतच मारून ठेविली! ज्या मजुराचें काम ऐन वैशाखांत आटतें, त्याच्या मुलाची शाळेंतील चूलही नेमकी तेव्हांच थंड पडते.

सर्वोच्च न्यायालयानें २००४ मध्यें दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटींतही हें भोजन देण्याचा आदेश दिला. मग आम्ही विचारतों, पाऊस बरा झाला म्हणून भूमिहीनाच्या मुलाचें पोट आपोआप भरतें काय?

‘मुलांस जेवूं घालणें हें आईबापांचें कर्तव्य,’ असें कोणी म्हणेल. शाळा भरते तेव्हां हें कर्तव्य सरकारनें वांटून घ्यावें आणि सुटी लागतांच तें एकट्या आईबापांवर टाकावें, यांत तर्क कोणता? खर्चाची सबबही लंगडीच. चुली आहेत, भांडीं आहेत. स्वयंपाकिणीही आहेत, आणि केंद्राच्या नियमानें वर्षांतून दहाच महिने मानधन मिळत असल्यानें उन्हाळ्यांत त्यांचेही हात रिकामे आहेत. उणें आहे तें धान्य आणि पैसा. सरकारनें तो अपवाद कायद्यांतून खोडावा व हीं दोन्हीं द्यावींत. याहून कमी मागणें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.