वेताळाने न विचारलेला प्रश्न

'विक्रम वेदा' हा २०१७ सालचा तमिळ चित्रपट. दिग्दर्शक पुष्कर आणि गायत्री हे नवरा-बायको. २०२२ साली त्यांनीच तो हृतिक रोशन आणि सैफ अली खानला घेऊन हिंदीत केला, पण मी बोलतोय ते मूळ तमिळबद्दल. तमिळ येत नसलं तरी सबटायटल्स वाचत बघण्यासारखा आहे. (शेवट आधी कळलेला ज्यांना आवडत नाही, त्यांनी इथेच थांबावं.)

नावावरून अंदाज आलाच असेल. विक्रम आणि वेताळ! आपण ज्या 'चांदोबा'त या गोष्टी वाचल्या तो मद्रासहूनच निघायचा. इथला विक्रम (माधवन) म्हणजे चेन्नईतला एन्काउंटर करणारा पोलिस अधिकारी. चांगली माणसं रेषेच्या अलीकडे, वाईट पलीकडे आणि पलीकडच्यांना गोळी, इतका सरळ त्याचा हिशोब. वेदा (विजय सेतुपती) हा गुंड. पोलिस त्याच्या मागावर असताना तो स्वतःच चालत येऊन हजर होतो आणि विक्रमला म्हणतो, एक गोष्ट सांगू का?

पहिली गोष्ट त्याच्या धाकट्या भावाची, पुल्लीची. एका गुंडाने पुल्लीला इजा केली. आता मारायचं कुणाला? ज्याने हात उचलला त्याला, की ज्याने उचलायला लावला त्याला? विक्रम सांगतो, लावणाऱ्याला. हात उचलणारा नुसतं हत्यार. नंतर त्याला कळतं, की आपण एका एन्काउंटरमध्ये मारलेला आणि नंतर सशस्त्र म्हणून दाखवलेला निःशस्त्र माणूस म्हणजे पुल्लीच! आता त्याचंच उत्तर त्याच्यावर उलटतं. गोळी तू झाडलीस, पण झाडायला लावली कुणी?

इथपर्यंत पटकथा अफलातून आहे. माझी तक्रार पुढे आहे. शोध घेत विक्रम पोचतो तो स्वतःच्याच सहकाऱ्यांपर्यंत. त्यांनी दुसऱ्या एका गुंडाचे पैसे खाऊन वेदाची माणसं मारलेली असतात. विक्रम मात्र स्वच्छ, त्याने पैसे घेतलेले नाहीत. म्हणजे प्रेक्षकाने समजायचं काय? गुन्हा लाच घेण्याचा. समजा कुणीच पैसे घेतले नसते, तर? पुल्लीला गोळी लागलीच असती, त्याच्यापाशी हत्यार असल्याचं दाखवलंही गेलं असतं आणि विक्रमला त्या रात्री शांत झोप लागली असती. हा प्रश्न वेताळ विचारतच नाही.

कायद्याने तो विचारलाय, तोही आपल्याच राज्याच्या निमित्ताने. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नियम घालून दिले. चकमकीत माणूस मेला की सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी तपास करायचा, दंडाधिकाऱ्याकडून चौकशी व्हायची आणि लगोलग बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. मेलेला गुंड होता की सज्जन, पोलिसाने पैसे खाल्ले होते की नाही, यावर यातलं काहीच अवलंबून नाही. मला हे चित्रपटापेक्षा जास्त धीट वाटतं.

आणि आपण प्रेक्षक? २०१९ साली हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं, की गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला होता. फुलं उधळणाऱ्यांना पोलिसांनी पैसे खाल्लेत असं वाटत नव्हतं. सगळे विक्रमसारखेच स्वच्छ मनाचे होते.

शेवटी विक्रम आणि वेदा एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहतात आणि चित्रपट संपतो. विक्रमचं पाप धुतलं गेलं का? मला नाही वाटत. बंदूक अजून त्याच्याच हातात आहे आणि पुल्लीच्या मृत्यूबद्दल त्याला कोर्टात कुणीही उभं केलेलं नाही.

तरीही बघाच. एन्काउंटर झाला की टाळ्या वाजवायच्या, ही आपली सवय थोडी जरी अडखळली तरी तिकिटाचे पैसे वसूल.