क्षमेचे मुखत्यारपत्र

'द लास्ट ऑफ अस' या मालिकेवर गेल्या दोनतीन वर्षांत जे लिहिले गेले, इंग्रजीत आणि इंग्रजीच्या मागोमाग आपल्या भाषांतही, त्यात एक शब्दप्रयोग इतक्या वेळा आला आहे की आता डोळा त्यावरून घसरतो : 'हिंसेचे दुष्टचक्र'. मालिका या चक्राविषयी आहे, सूड निष्फळ असतो हे ती दाखवते, अखेरीस क्षमाच माणसाला तारते, वगैरे. माझी तक्रार या शब्दाविरुद्ध आहे. आणि थोडी मालिकेविरुद्धही, कारण दुसऱ्या पर्वात तिने स्वतःच तो खरा मानायला सुरुवात केली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ज्यांना कोरे राहून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावे.) मुळात हे दोन व्हिडिओ गेम, २०१३ आणि २०२० चे. त्यांवरून क्रेग मेझिन आणि नील ड्रकमन यांनी एचबीओसाठी मालिका केली; पहिले पर्व २०२३ मध्ये आले, दुसरे २०२५ मध्ये. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते आणि जग कोसळते. वीस वर्षांनंतर, त्या पहिल्याच रात्री मुलगी गमावलेला जोएल, बुरशी बाधत नाही अशा चौदा वर्षांच्या एलीला बॉस्टनहून पश्चिमेकडे घेऊन निघतो. सॉल्ट लेक सिटीच्या इस्पितळात कळते की लस करायची तर मुलीचा मेंदू काढावा लागेल, म्हणजे ती मरेल. जोएल बंदूक उचलतो, मजल्यामागून मजला माणसे मारत जातो, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या शल्यविशारदाला गोळी घालतो, आणि शुद्धीवर आलेल्या एलीला खोटे सांगतो. पाच वर्षांनी त्या शल्यविशारदाची मुलगी ॲबी येते आणि एलीच्या डोळ्यांदेखत जोएलला गोल्फच्या काठीने ठार मारते. मग एली सिअ‍ॅटलला जाते.

आता यात चक्र कुठे आहे? चक्र आपोआप फिरते, त्याला कर्ता लागत नाही. आम्ही अनुवादक कर्त्याच्या बाबतीत जरा हट्टी असतो, कारण इंग्रजी वाक्य कर्ता बेमालूम लपवते आणि मराठीत तो कुठे ठेवायचा हे आम्हाला ठरवावे लागते. 'जोएलने डॉक्टरला मारले.' या 'ने'मधून सुटका नाही. सूडासाठी आपल्याकडे क्रियापदही पाहा : सूड 'उगवतात'. जमिनीतून काही वर येते आहे, म्हणजे कोणीतरी कधीतरी पेरले आहे, हे त्या क्रियापदात गृहीत आहे. 'चक्र' म्हटले की पेरणारा नाहीसा होतो. राहते फक्त एक खेदजनक यंत्र, ज्याच्याकडे पाहून समीक्षकाने सुस्कारा टाकायचा.

पहिल्या पर्वाला हे कळत होते. कॅन्सस सिटीच्या दोन भागांतली कॅथलीन आठवा. ती गेममध्ये नाही, मालिकेसाठी रचलेली आहे, आणि माझ्या मते मालिकेतली सर्वांत कमी लेखली गेलेली व्यक्तिरेखा. तिच्या भावाला सत्तेने मारले, कारण हेन्रीने त्याची खबर दिली. हेन्रीने खबर दिली ती आपल्या लहान भावाच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध मिळावे म्हणून. कॅथलीन सांगते की तुरुंगातल्या भावाने तिला क्षमा करायला सांगितले होते. मग ती विचारते की त्याला त्याबद्दल काय मिळाले. हा प्रश्न खरा आहे, त्याला मालिकेत कोणाकडेही उत्तर नाही, आणि म्हणूनच ते दोन भाग टिकतात. (उत्तराऐवजी एक बाधित मूल तिच्यावर सोडले जाते. राक्षसाकरवी शिक्षा ही पटकथेतली पळवाट आहे. पण ते असो.)

दुसऱ्या पर्वात काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. गेममध्ये एली मेल नावाच्या तरुणीला झटापटीत सुऱ्याने मारते आणि मग तिला कळते की ती गरोदर होती. मालिकेत एलीची गोळी ओवेनला लागते आणि पुढे जाऊन मेलच्या मानेत घुसते. म्हणजे अपघात. गेममध्ये जोएलच्या हिंसेला भूतकाळातली मुलगी हे एकच कारण. मालिकेत १९८३ सालचा एक प्रसंग नव्याने घातला आहे, जोएलचा पोलीस बाप, त्याचा हात, त्याचा बाप त्याच्याहून वाईट. म्हणजे आनुवंशिकता. एकीकडे हात चुकून लागतो, दुसरीकडे हात वारशाने येतो. आपल्या हाताने काही करणारा कोणी उरतच नाही.

आणि मग ती ओसरी. गेममध्ये ओसरीवरचा संवाद अगदी शेवटी येतो. एलीने दोन बोटे गमावली आहेत, गिटार वाजवता येत नाही, घर रिकामे आहे, ॲबीला समुद्रकाठी सोडून देऊन ती परतली आहे. आणि तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळते की जोएलच्या मृत्यूच्या आदल्या रात्री ती त्याला म्हणाली होती की क्षमा करता येईल असे वाटत नाही, पण प्रयत्न करायची इच्छा आहे. दोन खंडांची सगळी कथा या वाक्याच्या उशिरा येण्यावर उभी आहे. मालिकेने ते सहाव्या भागात उचलून आणले, सिअ‍ॅटलच्या मधोमध. भाग उत्तम अभिनित आहे, पेद्रो पास्कालचा चेहरा विसरता येणार नाही, हे मान्य. पण परिणाम असा की सूड पुरा व्हायच्या आत क्षमा पोचती झाली. पुढे जे घडेल ते प्रेक्षक आता जोएलचा हिशेब मिटल्याच्या समाधानात पाहणार.

हिशेब मिटला कोणाचा? त्या भागावरच्या लेखनात 'रिडेम्प्शन' हा शब्द सढळ हाताने वापरला गेला. मराठीत तो आणायचा तर मला घाम फुटतो. 'उद्धार' म्हणावे तर तो वरून कोणीतरी करतो, आणि बोलीत आपण तो शिव्या देऊन दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा करतो. 'मुक्ती' फार उंच. 'पापक्षालन' म्हणजे धुलाई. जवळचा शब्द 'प्रायश्चित्त', पण त्याची अट कडक आहे : ते करणाऱ्याने करायचे असते, त्याला माप असते, आणि आधी दोष कबूल करावा लागतो. एका संपादकांनी माझ्या अनुवादातले 'प्रायश्चित्त' काढून 'नवी सुरुवात' घातले होते. तेव्हापासून या शब्दाचा मी कैवार घेतला आहे. जोएलने प्रायश्चित्त घेतलेले नाही. ओसरीवर तो रडतो, मान हलवून एकेक गोष्ट कबूल करतो, आणि म्हणतो की पुन्हा वेळ आली तर हेच करीन. हे प्रेम आहे, आणि भयंकर खरे प्रेम आहे. पश्चात्ताप मात्र नाही.

एली क्षमा करू पाहते ती कशाची? तिच्याशी खोटे बोलल्याची, तिच्या मरणाचा निर्णय तिच्याकडून काढून घेतल्याची. तो अपराध तिचा आहे, म्हणून ती क्षमाही तिची. त्या संभाषणात मार्लीनचे नाव येते, शल्यविशारदाचे येत नाही. त्याच्या खुनाची क्षमा करण्याचे मुखत्यारपत्र एलीकडे नाही. ते असलेच तर ॲबीकडे आहे, आणि ॲबीने काय केले ते आपण पाहिले आहे. प्रेक्षक म्हणून आपले डोळे ओले झाले एवढ्यावर तिसऱ्याच्या बापाचा खून माफ होत असेल तर या व्यवहारात कोणीतरी परस्पर सही केली आहे.

कथा पुन्हा सांगताना क्षमा अलीकडे ओढण्याचा मोह जुनाच आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून झोपलेल्यांची कत्तल करतो, त्यात द्रौपदीचे पाचही मुलगे जातात. तिथली द्रौपदी अन्नपाणी सोडून बसते आणि त्याचा जीव मागते. त्याच्या मस्तकावरचा मणी हाती आल्यावरच उठते. अश्वत्थाम्याला कृष्णाचा शाप मिळतो, तीन हजार वर्षे भटकण्याचा. भागवतात हीच द्रौपदी म्हणते, सोडा याला, मी रडते तशी याची आई रडू नये. भागवतातली द्रौपदी मला आवडत नाही असे नाही. मुलांच्या आईनेच ते म्हटले असल्याने तिला तो हक्कही आहे. पण आपल्या लोकस्मृतीने कोणता अश्वत्थामा सांभाळला? कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा. क्षमेनंतर जखम राहत नाही असे मानणारी गोष्ट खेड्यापाड्यांतल्या माणसांनी घेतली नाही.

हा वाद एका मालिकेपुरता असता तर मी तो घातला नसता. 'चक्र' हा शब्द आपल्याकडे कामाला लावला जातो. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, मग मार्चचे बॉम्बस्फोट : क्रिया, प्रतिक्रिया, दुष्टचक्र, असे अजून म्हटले जाते. स्फोटांचा खटला उभा राहिला, शंभर जण दोषी ठरले. दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, त्यात नावे होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे पुढे काही झाले नाही. दोन्हीकडे माणसे मेली, पण हिशेब एकाच बाजूचा लिहिला गेला. 'चक्र' म्हटले की हा फरक विचारायची सोय राहत नाही.

ड्रकमन इस्रायलमध्ये जन्मले. २००० साली रामल्लात जमावाने दोन इस्रायली सैनिकांना ठार केल्याची दृश्ये पाहून मनात उसळलेला सूड, आणि नंतर त्या सूडाची वाटलेली शरम, यातून दुसऱ्या गेमचे बीज पडले असे त्यांनीच सांगितले आहे. कबुली प्रामाणिक आहे. पण ती पडद्यावर पाहणाऱ्याच्या मनातली गोष्ट आहे. तिच्यावरून सिअ‍ॅटलमधल्या दोन लढणाऱ्या गटांना समान वजनाने तराजूत टाकले, की कोणाची जमीन, कोणाचे शस्त्रागार, आधी कोण, हे प्रश्न अशिष्ट ठरतात. गेमवर ही टीका तेव्हाच झाली होती. मालिकेने ती ऐकली असे दिसत नाही.

याउलट तिसऱ्या भागातली जॅक्सनची सभा पाहा. एली कागदावरून भाषण वाचते : मला सूड नको, न्याय हवा. सभा मतदान करते आणि ठराव पडतो. एस्किलसच्या नाटकत्रयीत सूडदेवतांना अखेर न्यायसभेत जागा मिळते, म्हणून ऑरेस्टिसची गोष्ट संपू शकते. जॅक्सनमध्ये सभा आहे, गाव आहे, कायदा नाही. जोएलने इस्पितळात जे केले त्याची तर तिथे चौकशीही झालेली नाही. एली रात्रीतून निघून जाते. सगळी मालिका या एका दृश्यात दडलेली होती, आणि ते दहा मिनिटांत उरकले.

तिसरे पर्व ॲबीच्या बाजूने सांगितले जाणार आहे. २०२५ च्या जुलैत ड्रकमन मालिकेतून बाजूला झाले. आता सूत्रे मेझिन यांच्या हाती. ओसरी खर्च होऊन गेली आहे, तेव्हा समुद्रकाठी एलीचे हात ॲबीच्या गळ्यावरून कशामुळे सुटतील ते त्यांना नव्याने शोधावे लागेल. माझी अपेक्षा एवढीच आहे की त्याआधी कोणीतरी, कुठल्या तरी दृश्यात, त्या शल्यविशारदाचे नाव एलीच्या तोंडून वदवून घ्यावे.