बोअर घेण्याआधी जमीन तपासा

चाकण-महाळुंगे पट्ट्यात पत्र्याची शेड टाकून पावडर कोटिंगचे काम सुरू करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना सुटे भाग धुण्यासाठी पाणी लागतेच. मग उसनवारी करून बोअर. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की जागा ठरते, गाडी येते आणि तीनशे फूट नुसती धूळ उडते. पैसे मात्र फुटावर मोजावे लागतात.

इथला खडक बेसॉल्ट. अखंड कातळात पाणी नसते. ते भेगांत, कुजलेल्या व सच्छिद्र थरांत असते. म्हणून एका शेडला पाणी, शेजारची कोरडी. या भेगा कंपनलहरींनी शोधता येतात. जमिनीवरील लोखंडी पाटावर घणाचा घाव घालतात. ओळीने लावलेले जिओफोन लहर केव्हा पोचली ते टिपतात. अखंड बेसॉल्टमधून लहर सेकंदाला पाचएक किलोमीटर धावते, भेगाळ खडकात मंदावते. मडके वाजवून चीर ओळखतो, तसेच हे. १९७४ साली बॉम्बे हायचे तेल सापडले, त्यामागेही लहरींचीच मोजणी होती.

कठीण थराखालची बारीक भेग मात्र घणाला सापडत नाही. पाण्यासाठी विजेच्या रोधाची मोजणी जास्त चालते. दोन्ही जोडून पाहिलेले बरे. हमखास पाण्याची हमी देणाऱ्याला आमच्या मते दारातूनच परत पाठवावे. खर्च एकट्याला जड जातो, तेव्हा चार शेडवाल्यांनी मिळून तपासणी करावी. आणि किती फुटांवर खडक बदलला, पाणी कुठे लागले, हे बोअरवाल्याकडून लिहून घ्यावे. बोअर कोरडी गेली तरी तो कागद शेजाऱ्याच्या कामी येतो.