बारा की आठ?

मित्रांनो, दापोडी आणि बोट हे नातं काही नवीन नाही. मुळा आणि पवनेचं पाणी आपल्या शेजारीच एकत्र येतं (त्यात पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त दिसते, ही गोष्ट वेगळी!). इथल्याच सीएमईमध्ये रोइंगचा सराव करून दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला आणि सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. पण आज मी लिहितोय त्या बोटी वल्ह्यांच्या नाहीत, इंजिनाच्या आहेत. आणि त्या दापोडीत नाहीत, मालवणला आहेत.

माझा मामा मालवणला असतो. पर्यटकांना समुद्रात फिरवून आणायचं, डॉल्फिन दाखवायचे, असा धंदा त्याला सुरू करायचाय. कर्ज मंजूर झालंय आणि दोन बोटी पसंत पडल्यात. आता त्यातली एक निवडायची. मामाचा फोन आला, "झिला, तू इंजिनेर मां? मगे सांग, खंयची घेव?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला घरून कधी ना कधी येतोच. कुणाला पंपाबद्दल, कुणाला ट्रॅक्टरबद्दल, कुणाला मिक्सरबद्दल. म्हणून हा लेखप्रपंच.

दोन्ही बोटींचे कागद मामाने पाठवले. दोन्ही फायबरग्लासच्या. लांबी २२ फूट, रुंदी ७ फूट. दोन्हींचा तळ व्ही आकाराचा, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. एक पांढरी, एक निळी. जुळ्या बहिणीच म्हणा ना! फरक फक्त तीन. निळी चाळीस हजारांनी स्वस्त. निळी ११० किलोंनी हलकी. आणि निळीच्या कागदावर लिहिलंय 'प्रवासी १२', तर पांढरीच्या कागदावर 'प्रवासी ८'.

आता कोणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा? स्वस्त आहे, हलकी आहे म्हणजे पेट्रोल कमी पिणार, वर चार तिकिटं जास्त. हॉस्टेलवर मी हे कागद दाखवले तर दहापैकी नऊ जणांनी निळीलाच मत दिलं. माझं मत पांढरीला आहे. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. दोन बोटींचं माप सारखं आणि वजनात ११० किलोंचा फरक, तर ते वजन गेलं कुठे? फायबरग्लासची बोट म्हणजे साच्यात आधी जेलकोट, मग काचेच्या तंतूंची मॅट आणि विणलेलं रोव्हिंग यांचे थरावर थर, प्रत्येक थर रेझिनने भिजवलेला. भोसरी-चाकण पट्ट्यात एफआरपीचं काम जवळून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक थर कमी केला तर वरून काहीच कळत नाही. जेलकोट तितकाच चकचकीत दिसतो! म्हणून मी मामाला दोन्हीकडे दोन प्रश्न विचारायला लावले. थर किती आणि कुठले? आणि बोटीत पाणी भरलं तर ती तरंगत राहावी म्हणून फोम कुठे भरलाय?

पांढरीवाल्याने थरांची यादी लिहून दिली आणि फोमचे बंद कप्पे कुठे आहेत ते दाखवलं. निळीवाला म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, फायबर आहे, बुडत नाही."

मंडळी, फायबर बुडतं. हाताने बनवलेल्या एफआरपीची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते. विश्वास नसेल तर वर्कशॉपमधला एक तुकडा बादलीत टाकून बघा. लाकडी होडी पाण्याने भरली तरी लाकूड तिला बऱ्याचदा वर धरून ठेवतं. फायबरची बोट तरंगते ती तिच्या आकारामुळे, म्हणजे आत हवा आहे तोवर. पाणी आत शिरलं की वाचवतो तो फक्त फोम किंवा हवाबंद कप्पे. जो माणूस बोट विकतो आणि हे सांगत नाही, त्याच्या कागदावरच्या '१२'वर मी विश्वास कसा ठेवू?

दुसरी गोष्ट या बाराची. एका माणसाचे ७५ किलो धरले तर आठ जणांचे ६०० आणि बारा जणांचे ९०० किलो होतात. फरक ३०० किलो. एवढ्या वजनाने २२ फुटी बोट किती खाली जाईल, याचं ढोबळ गणित मी केलं. पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटरच्या आसपास धरलं तर उत्तर येतं जेमतेम तीन सेंटिमीटर. हे ऐकून मामा खूश झाला. तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही!

पण हे गणित सगळे जण मांडी घालून जागच्या जागी बसले तरच खरं. समुद्रात काय होतं? नाखवा ओरडतो, "तो बघा डॉल्फिन!" आणि मोबाइल घेऊन सगळे उठतात, सगळे एकाच बाजूला धावतात. प्रत्येक जण मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटर सरकला असं धरा. आठ जणांचा कलवणारा मोमेंट होतो ३६० किलोग्रॅम-मीटर, बारा जणांचा ५४०. म्हणजे सरळ दीडपट. शिवाय सगळे उभे असल्यामुळे गुरुत्वमध्य वर गेलेला, म्हणजे बोटीची सरळ होण्याची ताकद आधीच कमी झालेली. त्यात बाजूने एक लाट आली की झालं. हे आपण दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मेटासेंट्रिक हाइट म्हणून शिकलो, सात मार्कांसाठी पाठ केलं आणि सोडून दिलं. (सर, माफ करा!)

हे सगळं कागदावरचं भय आहे असं वाटत असेल तर अलीकडची वर्षं आठवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला गर्दीने भरलेली पर्यटकांची बोट बुडून २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ शाळकरी मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. तिथेही बोटीत जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हतं. आणि मामाच्याच किनाऱ्यावर, २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला.

आता मामाची बाजू. ती मांडली नाही तर हा लेख हॉस्टेलच्या खोलीत बसून केलेला शहाणपणा ठरेल. माणशी ३०० रुपये आणि दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर निळी ३६ तिकिटं काढते. पांढरी चार फेऱ्या करूनही ३२. चार तिकिटांचे १२०० गेले. फुल थ्रॉटलवर दर दहा हॉर्सपॉवरला ताशी पावणेचार लिटर पेट्रोल, असा आउटबोर्डचा ढोबळ हिशेब असतो. बेताने चालवली तर त्याच्या निम्मं धरा. म्हणजे तासाभराच्या जादा फेरीचे आणखी अकराएक लिटर. सगळं मिळून दिवसाला दोन हजारांहून जास्त फटका. कर्जाचा हप्ता असणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. "मामा, सुरक्षितता महत्त्वाची" असं म्हणून फोन ठेवणं सोपं आहे, पण हप्ता मामाला भरायचाय, मला नाही.

पण हाच हिशेब जरा पुढे नेला तर? बोट रोज भरते का? नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सहा गिऱ्हाइकं आली तर दोन्ही बोटींची कमाई सारखीच. बारा जागांचा फायदा फक्त दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातल्या गर्दीच्या दिवसांत. नेमके तेच दिवस धोक्याचे! घाई असते, 'एकच लहान मूल आहे, घ्या हो' असा आग्रह असतो, आणि मे अखेरीस समुद्रही खवळायला लागलेला असतो. पावसाळ्यात तर हा धंदा बंदच असतो. म्हणजे वर्षभराचा फरक वाटतो तेवढा नाही, आणि जो आहे तो सगळा धोका पत्करून मिळणारा.

माझा रूममेट म्हणाला, "अरे, फॅक्टर ऑफ सेफ्टी धरलेलाच असतो ना, चार माणसांनी काय होतंय?" हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो इंजिनीअर करतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतात तो अचानक येणाऱ्या लाटेसाठी, कारखान्यात राहिलेल्या चुकीसाठी, पाच वर्षांनी भिजून कुजलेल्या ट्रान्समच्या प्लायवूडसाठी. तो तिकीट लावून विकायचा नसतो. एसटीत आसनक्षमता लिहिलेली असते, तरी आपण लटकून जातो. पण एसटीची चाकं जमिनीवर असतात. बोटीखाली जमीन नसते.

मी मामाला सांगितलं, पांढरी घे. निळीच हवी असेल तर निदान पैसे देण्याआधी उथळ पाण्यात ९०० किलो वाळूची पोती तिच्यात भर, ती सगळी एका बाजूला सरकव आणि काठावर उभं राहून काय होतं ते बघ. निळीवाला त्याला तयार नसेल तर उत्तर मिळालंच. मामाने अजून इसार दिलेला नाही. निर्णय त्याचा आहे.

आपल्यापुरतं मात्र मला वाटतं की घरचे 'तू इंजिनीअर ना?' असं विचारतात तेव्हा त्यांना किंमत आणि मायलेज सांगणारा माणूस नको असतो. ते दोन्ही त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. जे वरून दिसत नाही ते विचारणारा माणूस त्यांना हवा असतो. आत काय भरलंय? हा आकडा कोणी आणि कसा ठरवला? सगळे एका बाजूला धावले तर काय होईल? एवढे तीन प्रश्न जरी आपण विचारले, तरी चार वर्षांची फी वसूल झाली म्हणायची. बघा, पटतंय का!