वाऱ्याचा हिशेब आणि हलकी उघडी मोटार

मुंबई-गोवा महामार्गाचा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील भाग चौपदरी झाल्यापासून कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी येथील गॅरेजांत एक नवे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. हलक्या, दोन आसनी, उघड्या छताच्या मोटारीचा हा हौशी मालक डिकीवर एखादी विंग, पुढच्या बंपरखाली लिप, बाजूंना लहानसे पंख आणि शक्य झाल्यास बॉनेटवर दोन झरोके अशी फर्माईश घेऊन येतो, आणि हे सर्व बसवल्यावर गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरील काय, असा प्रश्न आपल्या कारागिरांस विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याला आपल्या व्यवसायात बहुधा जे उत्तर दिले जाते ते अनुभवावर किंवा मोजमापावर आधारलेले नसून केवळ परदेशी शर्यतींच्या छायाचित्रांवर आधारलेले असते, आणि म्हणूनच या विषयाचा सविस्तर विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

अशा मोटारींशी कोकणचा संबंध परका नाही. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या घाटणीची, फायबरग्लासच्या बॉडीची आणि इसुझूच्या १.८ लिटर एंजिनावर चालणारी रोडस्टर बांधली. तर गेल्या शतकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सने रेनोचे ११४९ सीसीचे एंजिन घालून सॅन स्टॉर्म ही उघडी दोन आसनी गाडी तयार केली, तिचीही बॉडी फायबरचीच होती. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर होड्यांसाठी साचे काढणारे, मॅटवर रेझिन चढवणारे आणि जेलकोटाची सफाई जाणणारे हात विपुल आहेत. विंग किंवा लिप घडवणे त्यांना मुळीच अवघड नाही. ज्याची उणीव आहे ती घडवण्यापूर्वी करावयाच्या हिशेबाची.

तो हिशेब असा. वायुरोधाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लोटस सेव्हनच्या घाटणीच्या गाडीचा रोधगुणांक, उघडी चाके, सुटे मडगार्ड आणि उभी काच यांमुळे, ०.६ ते ०.७ च्या घरात असतो. समोरचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरले, तर ताशी ८० किलोमीटरला तिला अडवणारे वाऱ्याचे बल सुमारे २८ किलो भाराइतके भरते आणि त्यासाठी आठ-साडेआठ अश्वशक्ती लागते. हीच गाडी ताशी १६० किलोमीटरला नेली, तर बल चौपट आणि शक्ती आठपट होऊन केवळ वाऱ्याशी झुंजण्यात पासष्टाहून अधिक अश्वशक्ती खर्च होते. उलट ताशी ४० ला ते बल सातच किलोंचे उरते. कोणताही जोडभाग उपयुक्त की निरुपयोगी हे ठरवण्यापूर्वी गाडी प्रत्यक्षात कोणत्या वेगाने धावते हा प्रश्न प्रथम का विचारावयाचा, याचे कारण या आकड्यांत आहे.

आता विंगेचेच उदाहरण घेऊ. एक मीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद अशी चांगल्या आकाराची विंग स्वच्छ प्रवाहात बसवली, तर ताशी १२० किलोमीटरला ती साधारण १३ किलो भाराने मागचा भाग खाली दाबील. ताशी ६० ला हा दाब तीन-सव्वातीन किलोंवर आणि ताशी ४० ला दीड किलोच्या आत येतो. आंबोली किंवा करूळ घाटाच्या ज्या वळणांवर मालकाला चाकांची पकड हवी असते, तिथे गाडीचा वेग याच शेवटच्या दोन आकड्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे घाटात ती विंग जेवढा दाब देते त्याहून अधिक वजन तिचे स्वतःचे आणि तिच्या आधारपट्ट्यांचेच असते. शिवाय ती मागच्या आसाच्याही मागे लोंबत असल्याने तरफेच्या न्यायाने पुढची चाके हलकी करते: आसापासून ७० सेंटिमीटर मागे असलेली वरील विंग ताशी १२० ला पुढच्या चाकांवरचा तीन-चार किलो भार उचलून घेते. गाडी जितकी हलकी, तितका हा तोल चटकन बिघडतो. म्हणून मागे काही बसवावयाचे तर पुढच्या टोकाचाही विचार एकाच वेळी करावा लागतो.

आणि वरचा हिशेब स्वच्छ प्रवाहाचा आहे, जो उघड्या गाडीच्या डिकीवर क्वचितच लाभतो. बंद मोटारीत हवा छतावरून सरकत मागच्या काचेवर उतरते; उघड्या मोटारीत ती समोरच्या काचेच्या वरच्या कडेपाशीच सुटते, आसनांवरून भोवरे घेत जाते आणि तिचा काही भाग मागून फिरून बसणाऱ्याच्या मानेवर येतो. याची प्रचीती घेण्यास प्रयोगशाळा नको. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे डिकीवर, आसनांच्या मागे आणि बाजूच्या पत्र्यावर एका टोकाने चिकटवावेत आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतून सहकाऱ्याने त्यांचे मोबाइलवर चित्रण करावे. बाजूच्या पत्र्यावरचे धागे सरळ मागे ताणलेले दिसतील. आसनांमागचे धागे मात्र वळवळताना, पुष्कळदा तर चक्क पुढे, चालकाच्या दिशेने वळलेले आढळतील. जिथे धागा पुढे वळतो तिथे हवा मागे जातच नाही, आणि तिथे बसवलेली विंग शोभेपलीकडे काही देऊ शकत नाही. याच कारणाने मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या छताच्या मागच्या कडेवर शोभणारे लहान दाते उघड्या गाडीवर चिकटवणे व्यर्थ होय. ज्या छताच्या कडेवर ते काम करतात ते छतच येथे नाही.

यावरून लहान जोडभाग मुळातच निरर्थक असतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९७१ साली अमेरिकन चालक डॅन गर्नी यांनी विंगेच्या मागच्या कडेला काटकोनात एक अरुंद धातूची पट्टी लावली. चाचणीत त्यांच्या संघाचे चालक बॉबी अन्सर यांची फेरीची वेळ प्रथम सुधारली नाही, कारण मागची पकड इतकी वाढली होती की गाडीचे नाक वळेना. पुढचा तोल सावरल्यावरच त्या पट्टीचे खरे मोल कळले, आणि आज ती गर्नी फ्लॅप या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या ऑडी टीटी या मोटारीला अतिवेगात झालेल्या अपघातांनंतर कंपनीने डिकीवर छोटा स्पॉयलर दिला. परंतु त्याबरोबर सस्पेन्शनमध्ये फेरफार केला आणि स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही जोडली. उलट बाजूचा दाखला १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीचा आहे: बार्सिलोनाच्या मोंज्विक रस्त्यांवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंगा मोडून दोन्ही गाड्या आदळल्या, आणि लगेच पुढच्या मोनॅको शर्यतीत त्या उंच विंगांवर बंदी आली. जगातील अव्वल कारागिरांच्या हातची जोडणी जिथे तुटली, तिथे चार स्क्रूंवर डिकीला अडकवलेल्या विंगेची शाश्वती कोण देणार?

मग आपल्या मुलखात, आपल्या वेगाला, खरोखर उपयोगी काय? आमच्या मते पहिला मान रेडिएटरच्या बंदोबस्ताला द्यावा. नाकातून शिरलेली हवा रेडिएटरच्या बाजूने निसटू नये म्हणून पत्र्याची किंवा रबराची पट्टी घालून वाट बंद केली, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात घाट चढताना एंजिनाचे तापमान आटोक्यात राहण्यास ठोस मदत होते. दुसरा मान चालकाच्या सोयीला: आसनांच्या मागे जाळीचा किंवा पारदर्शक डिफ्लेक्टर बसवल्यास मानेवर येणारा उलटा वारा थोपतो, मर्सिडीझने १९८९ च्या एसएल गाडीसाठी हीच युक्ती देऊ केली होती. लांब प्रवासात न थकलेला चालक हा सुरक्षिततेचा मोठा आधार आहे. तिसरा मान गाडीच्या पोटाखालच्या सपाट तळपत्र्याला. परंतु तो काढण्या-घालण्यास सोपा आणि पाण्याला वाट देणारा हवा, अन्यथा पावसाळ्यात तांबडा चिखल त्यात साठून राहील. पुढची लिप चौथ्या क्रमांकावर, कारण महामार्गावर तिचा थोडा लाभ असला तरी गावांतील गतिरोधकांवर ती घासते, आणि मालवणच्या बाजारपेठेसारख्या अरुंद रस्त्यात तिची उघडी, धारदार कड पादचाऱ्याच्या पायाला धोका ठरते. जे काही बसवाल ते किनाऱ्यावर स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी बसवावे, फायबरला पाडलेल्या भोकाच्या कडा रेझिनने बंद कराव्यात आणि भोकाभोवती आतून जाड मॅटचा थर द्यावा. खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो आणि दमट तंतूंचे थर सुटू लागतात.

उपयोगाची खातरजमा करण्याची रीतही साधी आहे. खाजगी किंवा परवानगी घेतलेला सपाट, मोकळा रस्ता निवडावा. पहाटेचा मतलई वारा पडून खारा वारा सुटण्यापूर्वीच्या निवांत वेळी गाडी ताशी ८० ला आणून न्यूट्रलमध्ये सोडावी आणि ती ४० पर्यंत उतरण्यास किती सेकंद लागतात ते नोंदवावे. प्रत्येक फेरी दोन्ही दिशांना करावी, जोडभागासह आणि जोडभागाशिवाय, टायरमधील हवा व गाडीतील वजन तेच ठेवून. आणि एका फेरीवर कधीही विसंबू नये. दोन सरासऱ्यांमधील अंतर एकेका फेरीतील चढउताराहून मोठे नसेल, तर लाभ सिद्ध झाला नाही असेच वहीत लिहावे. चाकांवरचा दाब या रीतीने कळत नाही. पण वायुरोध घटला की वाढला हे निश्चित कळते.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला आहे. म्हणून बॉडीचा आकार, लांबी वा रुंदी बदलणाऱ्या कोणत्याही कामास हात घालण्यापूर्वी ओरोस येथील परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि उत्तर गिऱ्हाइकाच्या कागदांसोबत ठेवावे. काम झाल्यावर उद्भवणाऱ्या कैफियतीपेक्षा आधीचा एक अर्ज पुष्कळ स्वस्त पडतो.

आमचा निर्णय असा की, हलक्या उघड्या मोटारीवर लहान जोडभाग उपकारक होतात, पण त्यांचे काम आधी ठरलेले असेल, ते स्वच्छ प्रवाहात असतील, गाडीचा वेग त्या कामाला पुरेसा असेल आणि परिणाम मोजून पाहिलेला असेल तरच. आणि या चार अटींवर सिंधुदुर्गातील रस्त्यांसाठी मागितल्या जाणाऱ्या बहुतेक विंगा टिकत नाहीत. गिऱ्हाइकाला केवळ शोभा हवी असेल तर शोभेचे काम शोभेचे म्हणूनच करून द्यावे, मजबूत करून द्यावे, मात्र पकडीचे किंवा वेगाचे आश्वासन देऊन त्याचे दाम घेऊ नये. आमच्या व्यवसायबंधूंना आग्रहाची विनंती आहे की, येत्या हंगामात असे एखादे काम हाती आल्यास धागे लावून, फेऱ्या मोजून, जोडभाग असतानाचे व नसतानाचे आकडे आमच्याकडे पाठवावेत. अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते या मासिकात छापले जातील.